मैदानाचे दार

मी नुकताच शिक्षकी पेशात शिरलो होतो, त्या वेळची ही गोष्ट आहे. आमच्या तालुक्यात दरवर्षी हिवाळ्यात शाळाशाळांच्या क्रीडास्पर्धा भरत. त्या वर्षी यजमानपण ज्या गावाकडे आले होते, त्या गावाचे आणि शेजारच्या गावाचे ओढ्याच्या पाण्यावरून भांडण जुंपले होते. स्पर्धेची निमंत्रणे सर्व शाळांना गेली. शेजारच्या गावातील शाळेला मात्र निमंत्रण गेले नाही. 'पत्र वाटेत गहाळ झाले असावे,' असे सांगण्यात आले. पण खरे काय ते सर्वांना ठाऊक होते. त्या शाळेचा एक मुलगा आदल्या वर्षी लांब उडीत पहिला आला होता. या वर्षी तो नव्हता आणि आमच्या शाळेचा विद्यार्थी पहिला आला. मी त्याची पाठ थोपटावयास गेलो, तेव्हा हातातील पेल्याकडे पाहत तो म्हणाला, "गुरुजी, तो आला असता, तरी मी पहिला आलो असतो का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. भांडण दोन गावांचे होते. उडी मारणाऱ्या मुलाने कोणाचे पाणी अडविले नव्हते. तरीही मैदानाचे दार बंद झाले ते त्याच्यासाठीच. आणि जो आत होता, त्याचाही आनंद अपुरा राहिला.

विद्यार्थीमित्रांनो, जे एका तालुक्यात घडले, तेच मोठमोठ्या देशांच्या स्पर्धांतही घडत आले आहे. आपल्या आशिया खंडाच्या क्रीडास्पर्धांचा इतिहास पाहिला, तर मैदानाचे दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी लावून घेतले, याची ती एक मोठी कथाच आहे.

या कथेचा आरंभ १९१३ साली फिलिपिन्सच्या मनिला शहरी झाला. फिलिपिन्स, चीन आणि जपान या देशांनी मिळून 'अतिपूर्वेकडील क्रीडास्पर्धा' सुरू केल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्या भरत राहिल्या. परंतु १९३१ साली जपानने चीनच्या मांचुरिया प्रांतावर चढाई केली आणि पुढच्याच वर्षी तेथे 'मांचुकुओ' नावाचे आपल्या मुठीतील राज्य उभे केले. १९३४ च्या स्पर्धेच्या वेळी जपानने आग्रह धरला, की या नव्या राज्यालाही स्पर्धेत स्थान मिळावे. चीनला हे कसे मान्य व्हावे? ज्याने आपले घर बळकावले, त्याच्याच वाटेकरी म्हणून आपल्या अंगणात कोणी येऊ पाहत असेल, तर त्याचे स्वागत कोण करील? चीन बाहेर पडला आणि तो क्रीडासंघच मोडला. वीस वर्षे जोपासलेले झाड एका वादाने उन्मळून पडले.

त्यानंतर महायुद्धाचा वणवा पेटला. तो विझला, तेव्हा आशियातील अनेक देश परकीय सत्तेच्या जोखडातून मुक्त होत होते. या नवस्वतंत्र देशांनी एकत्र खेळावे, अशी इच्छा बाळगणारे एक गृहस्थ भारतात होते. त्यांचे नाव गुरुदत्त सोंधी. त्यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडासंघाची स्थापना झाली. आणि मार्च १९५१ मध्ये पहिली आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीतच भरली. ११ देशांचे जवळजवळ ५०० खेळाडू तेथे जमले होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते स्पर्धेचे उद्घाटन झाले.

या स्पर्धेतील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला निमंत्रण नव्हते. महायुद्धात जपानने आशियातील कित्येक देश पायाखाली तुडविले होते आणि त्या जखमा अजून ओल्या होत्या. तरीही दिल्लीच्या मैदानावर जपानी खेळाडू आले. इतकेच नव्हे, तर २४ सुवर्णपदके मिळवून त्यांनी पहिले स्थान पटकाविले; यजमान भारत १५ सुवर्णपदकांसह दुसरा आला. पाहुण्याने यजमानाला हरविले, पण यजमानाच्या मनात किल्मिष उरले नाही. पुढे १९५४ साली दुसरी स्पर्धा मनिला येथे झाली. युद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, हे शहर लढाईत उद्ध्वस्त झाले होते. त्याच शहरात अवघ्या नऊ वर्षांनी जपानचे खेळाडू धावले, पोहले आणि पुन्हा पहिले आले. तेथील लोक आपले दुःख विसरले असतील, असे म्हणता येणार नाही; परंतु त्या दुःखाचा जाब त्यांनी धावपटूंना विचारला नाही. यालाच मनाचे औदार्य म्हणतात.

दिल्लीच्या त्या पहिल्या स्पर्धेत आणखीही एक दार उघडले. मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले, तर मुंबईच्याच मेरी डिसूझा यांनी २०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. मुलींनी मैदानावर धावावे, हेच ज्या काळी पुष्कळांना रुचत नसे, त्या काळातील हे यश आहे. दार उघडे असले, म्हणजे आत कोण किती पुढे जाईल, हे आधी सांगता येत नाही.

आता आपण १९६२ सालाकडे वळू. चौथी आशियाई स्पर्धा इंडोनेशियाच्या जाकार्ता शहरी होती. देश नवा, उत्साह मोठा. एक लाख प्रेक्षक बसतील असे भव्य क्रीडागार त्यासाठी उभारण्यात आले होते. परंतु इंडोनेशियाची मैत्री अरब देशांशी व साम्यवादी चीनशी होती. अरब देशांचे इस्रायलशी वैर होते आणि तैवानचे सरकार चीनला मान्य नव्हते. इस्रायल व तैवान हे दोघेही आशियाई क्रीडासंघाचे सभासद होते. त्यांना बोलाविणे हे यजमानाचे कर्तव्य होते. तरी त्यांच्या खेळाडूंना प्रवेशाचे परवाने मिळाले नाहीत आणि ते येऊ शकले नाहीत.

गुरुदत्त सोंधी त्या वेळी जाकार्तात होते. त्यांनी रोखठोक भूमिका घेतली : ज्या स्पर्धेतून सभासद देशांना वगळले गेले, तिला 'आशियाई क्रीडास्पर्धा' हे नाव शोभत नाही. हे बोल यजमानांना झोंबले. लोकक्षोभ उसळला. ३ सप्टेंबर १९६२ रोजी एका जमावाने जाकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधींना तो देश सोडावा लागला.

दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलचा अंतिम सामना होता; आणि त्यात भारताची गाठ दक्षिण कोरियाशी होती. तुम्हीच कल्पना करा! ज्या शहरात आदल्या दिवशी आपल्या वकिलातीवर दगड पडले, त्याच शहरात, एक लाख संतप्त प्रेक्षकांपुढे, ११ भारतीय खेळाडूंना उतरायचे होते. भारताच्या पायात चेंडू आला, की प्रेक्षक हुर्यो उडवीत. त्या खेळाडूंचा अपराध काय होता? सोंधी काय म्हणाले, यात त्यांचा काहीच हात नव्हता. ते फुटबॉल खेळावयास आले होते.

संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. त्यांच्या देहाला कर्करोगाने ग्रासले होते. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे. डोक्याला टाके पडलेले असूनही मैदानात उतरलेले जर्नेलसिंग पंजाबचे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले फोर्टुनॅटो फ्रँको हेही त्या संघात होते. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, प्रांत वेगळे. परंतु संघ एक. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, जर्नेलसिंगांनी दुसरा. भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. त्या गर्जणाऱ्या गर्दीत भारताला उत्तेजन देणारे आवाज थोडे होते. त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, अशी आठवण भारतीय खेळाडूंनी पुढे सांगितली आहे. राजकारणाने ज्यांना दूर केले होते, त्यांना मैदानाने क्षणभर जवळ आणले. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी निवर्तले.

जाकार्ताच्या प्रकरणाचे पडसाद दूरवर उमटले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६३ साली इंडोनेशियाला निलंबित केले. त्यावर इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांचे म्हणणे असे, की खेळ आणि राजकारण ही वेगळी करताच येत नाहीत. बलाढ्य राष्ट्रेही खेळाचे राजकारण करितात, मात्र ते कबूल करीत नाहीत. या म्हणण्यात मुळीच तथ्य नव्हते, असे कोणी म्हणू नये. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना जगाच्या क्रीडासंस्थांत पुरेसा आवाज नव्हता, ही त्यांची तक्रार खरी होती. सुकार्नोंनी नोव्हेंबर १९६३ मध्ये जाकार्तातच 'नवोदित राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा' भरविल्या. परंतु ऑलिंपिकच्या संघटनांनी आधीच बजावले होते, की तेथे भाग घेणाऱ्यांना टोकियो ऑलिंपिकचे दार बंद होईल. एकाने दार लावले, म्हणून दुसऱ्याने लावले. आणि दोन्ही दारांच्या मध्ये खेळाडू सापडले.

त्यांपैकी एक होती उत्तर कोरियाची शिन किम-दान. ४०० आणि ८०० मीटरच्या शर्यतींत तिच्या तोडीची धावपटू त्या काळी जगात विरळाच होती. ती जाकार्ताच्या स्पर्धांत धावली. म्हणून १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिला धावण्यास मनाई झाली. आपल्या पथकाबरोबर ती टोकियोपर्यंत आली. परंतु बंदी उठेना, तेव्हा ते पथक न खेळताच परत निघाले.

तिची कथा एवढ्यावर संपत नाही. १९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध झाले. त्या धुमाळीत तिचे वडील दक्षिणेत गेले आणि ती उत्तरेत राहिली. मध्ये सरहद्दीची भिंत उभी राहिली. पत्र नाही, निरोप नाही. आपली मुलगी टोकियोला आली आहे, हे कळताच वडील दक्षिण कोरियातून धावत आले. इतक्या वर्षांनी बापलेकींची भेट झाली, ती अवघ्या काही मिनिटांची! तिची परत जाण्याची वेळ झाली होती. डोळे भरून पाहावे, तोच ताटातूट झाली. जगातील सर्वांत वेगवान पायांपैकी दोन पाय तिचे होते. पण त्या पायांनी तिला वडिलांच्या घरापर्यंत नेले नाही.

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "मग कोणालाही कधीच वगळू नये काय?" प्रश्न योग्य आहे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्यांचे राज्य होते आणि काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या बरोबरीने संघात स्थान नसे. म्हणून १९६४ पासून त्या देशाला ऑलिंपिकमधून दूर ठेवण्यात आले. तेथील वर्णभेदी कायदे मोडीत निघाले, तेव्हा १९९२ साली त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. हे वगळणे आणि जाकार्ताचे वगळणे यांत मोठे अंतर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्यांनी आपल्याच खेळाडूंना दाराबाहेर उभे केले होते. ते दार उघडावे, यासाठी ती शिक्षा होती. म्हणजे खेळाचाच नियम मोडणाऱ्याला ती शिक्षा झाली. जाकार्तात मात्र न आलेल्या खेळाडूंनी खेळाचा कोणताच नियम मोडला नव्हता. दुसऱ्याला आत घेत नाही म्हणून कोणाला थांबविणे निराळे, आणि तो आपल्याला आवडत नाही म्हणून थांबविणे निराळे. तथापि हेही खरे, की दक्षिण आफ्रिकेतील शिक्षेचा चटका काही निर्दोष खेळाडूंनाही बसलाच. म्हणूनच असे शस्त्र फार विचाराने उचलावे लागते.

यानंतरही दार उघडण्याचा आणि लावण्याचा हा क्रम थांबला नाही. १९७४ साली तेहरानच्या स्पर्धेत चीन प्रथमच आला, तेव्हा तैवान बाहेर पडला. तो परतला १९९० साली, आणि तेही 'चायनीज तैपेई' या नावाने. इस्रायल तेहरानला अखेरचा खेळला. १९८२ साली आशियाई ऑलिंपिक परिषद स्थापन झाली, तीत त्याला स्थान मिळाले नाही. पुढे त्याने युरोपच्या क्रीडासंघटनांत प्रवेश मिळविला. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा इराकला वगळण्यात आले. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथील स्पर्धेच्या वेळी अरुणाचल प्रदेशातील आपल्या तीन वुशू खेळाडू मुलींची निवड झाली होती. पण त्यांना चीनमध्ये प्रवेश मिळू शकला नाही. भारताच्या क्रीडामंत्र्यांनी निषेध म्हणून आपला दौरा रद्द केला. पण वर्षानुवर्षे सराव केलेल्या त्या मुली घरीच राहिल्या. १९६२ साली जे परक्यांच्या वाट्याला आले, तेच आता आपल्या लेकींच्या वाट्याला आले. दुसऱ्यासाठी लागलेल्या दाराचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आपल्यासाठी लागते, तेव्हा मात्र तो कानठळ्या बसवितो.

मग या कथेत आशेला जागा नाही काय? आहे, आणि ती त्याच जाकार्ता शहरात आहे. २०१८ साली तेथे पुन्हा आशियाई स्पर्धा भरल्या. १९६२ साली बांधलेले ते भव्य क्रीडागार आता सुकार्नोंच्याच नावाने ओळखले जाते. उद्घाटनाच्या संचलनात उत्तर व दक्षिण कोरियाचे खेळाडू एकाच ध्वजाखाली, एकमेकांच्या बरोबरीने चालत आले. पांढऱ्या ध्वजावर निळ्या रंगात अखंड कोरियाची आकृती होती. असे एकत्र संचलन त्यांनी २००२ साली बुसान येथेही केले होते. पण या वेळी काही खेळांत त्यांनी संयुक्त संघच उतरविले. स्त्रियांच्या नौकास्पर्धेत या संयुक्त संघाने सुवर्णपदक जिंकले. एका नावेत बसल्यावर सर्वांची वल्ही एकाच तालात पडावी लागतात. कोण उत्तरेची आणि कोण दक्षिणेची, हे पाण्याला कळत नाही.

ज्या मैदानावर एकदा दार लावले गेले, त्याच मैदानावर दुभंगलेल्या देशाची मुले हातात हात घालून चालली. म्हणून दोन्ही देशांतील वैर संपले काय? नाही. सरहद्दीची भिंत अजून उभीच आहे. खेळ भांडणे मिटवू शकतोच, असे नाही. परंतु भांडण चालू असतानाही माणसे एकमेकांना भेटू शकतील, अशी एक जागा तो राखून ठेवू शकतो. यजमानाचे काम ती जागा राखण्याचे आहे. आपल्याकडे जत्रेत पालखीचा मान एकेका वर्षी एकेका घराकडे येतो. पण मानकरी हा काही देवाचा मालक नसतो. तसेच स्पर्धेचे आहे. यजमान हा मंडपाचा राखणदार असतो, धनी नसतो.

आमच्या तालुक्याच्या स्पर्धेचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पुढच्या वर्षी यजमानपण आमच्या शाळेकडे आले. निमंत्रणपत्रे लिहून झाली, तेव्हा लांब उडीत पहिला आलेला आमचा विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या शाळेचे पत्र मी स्वतः नेऊन देतो." तो सहा मैल चालत गेला आणि पत्र देऊन आला. स्पर्धेच्या दिवशी तो मुलगा आला. दोघांनी उडी मारली. आमचा विद्यार्थी चार बोटांनी मागे पडला. त्याच्या हातात त्या दिवशी पेला नव्हता. परंतु त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते आदल्या वर्षी नव्हते. त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, आणि मलाही.

शब्दार्थ

जोखड – बैलाच्या मानेवरील जू, (येथे) पारतंत्र्य
किल्मिष – मनातील मळ, अढी
औदार्य – मनाचा मोठेपणा
वकिलात – परदेशातील आपल्या देशाची कचेरी
लोकक्षोभ – लोकांचा संताप
निलंबित करणे – काही काळ अधिकार काढून घेणे
धुमाळी – गोंधळ, धामधूम
वल्हे – नाव पुढे नेण्यासाठी पाणी मागे लोटण्याचे लाकडी साधन

स्वाध्याय

१. अतिपूर्वेकडील क्रीडासंघ कोणत्या वादामुळे मोडला?
२. मनिला येथील १९५४ च्या स्पर्धेसंबंधी लेखकाने 'मनाचे औदार्य' असे का म्हटले आहे?
३. गुरुदत्त सोंधी यांनी जाकार्ता येथे कोणती भूमिका घेतली? तिचे परिणाम काय झाले?
४. दक्षिण आफ्रिकेला वगळणे आणि जाकार्ता येथे दोन देशांना वगळणे यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे? तुम्हांला तो पटतो काय? कारणे द्या.
५. 'एकाने दार लावले, म्हणून दुसऱ्याने लावले. आणि दोन्ही दारांच्या मध्ये खेळाडू सापडले.' हे वाक्य शिन किम-दानच्या कथेवरून स्पष्ट करा.
६. 'यजमान हा मंडपाचा राखणदार असतो, धनी नसतो.' या विचारावर आठ-दहा ओळी लिहा.
७. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : भांडण जुंपणे, पाठ थोपटणे, नावारूपास येणे, पडसाद उमटणे, मोडीत निघणे.
८. तुमच्या खेळात एखाद्या मुलाला वा मुलीला वगळले गेल्याचा प्रसंग आठवा. त्या वेळी काय करता आले असते, ते आपल्या मित्रास पत्र लिहून कळवा.